ओतीव गोळ्यांचे साचे आणि वंगणयंत्रे: नावे आणि क्रमांक आले कुठून? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिशाच्या गोळ्या ओतण्याची, त्यांना वंगण लावण्याची आणि मापाला आणण्याची जुनी अमेरिकन अवजारे पाहिली की त्यांवर ठोकलेले आकडे आणि अक्षरे लक्ष वेधून घेतात. कुठे ४२९४२१, कुठे नुसते ३११८, कुठे एखादे 'एच'. जुन्या हत्यारांचे अभ्यासक, परदेशी राहून तिथल्या रेंजवर जाणारे मराठी नेमबाज आणि टूलरूममध्ये हयात घालवलेली मंडळी या खुणांबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरे एकत्र केली आहेत. माझे मत आधीच सांगतो: यातली निम्मी कोडी वंगणामुळे निर्माण झाली आहेत. वंगण गोळीवर कुठे बसते हे कळले की आकडे आपोआप वाचता येऊ लागतात.

इथे नेमकी कोणती अवजारे अभिप्रेत आहेत?

मुख्यतः साचा आणि वंगणयंत्र. साचा म्हणजे धातूचे दोन ठोकळे, मधे गोळीच्या आकाराची पोकळी, वर शिसे ओतायचे भोक असलेली पट्टी आणि मागे लाकडी मुठी.

वंगणयंत्र एका दमात दोन कामे करते. ओतलेली गोळी डायच्या (नेमक्या मापाचे भोक असलेल्या पोलादी नळीच्या) तोंडावर ठेवायची आणि हँडल ओढायचे. वरचा पंच (दाबणारी दांडी) तिला डायमध्ये दाबतो आणि ती मापाला येते. डायच्या भिंतीला बारीक भोके असतात. शेजारच्या नळकांड्यातले मेणचट वंगण स्क्रूच्या दाबाने त्या भोकांतून गोळीच्या चरांत शिरते. हँडल वर नेले की खालचा पंच गोळी बाहेर ढकलतो. अमेरिकन नेमबाज या यंत्राला सरसकट 'लुब्रिसायझर' म्हणतात.

काडतूस कसे भरावे ही माहिती या पानावर नाही. विषय फक्त नावांचा आणि क्रमांकांचा आहे.

गोळीला वंगण कशाला? आणि पुन्हा मापाला का आणायची?

शिसे मऊ असते. नळीतल्या सर्पिल चरांवरून ते वेगाने घासत गेले की त्याचा थर पोलादाला चिकटतो आणि नेम बिघडतो. मेण किंवा चरबी मधे आली की हे बरेच टळते.

मापाची गोष्ट जास्त रंजक आहे. तोंडाकडून भरायच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा लहान असावीच लागे, नाहीतर ती आत ढकलता येत नसे. मागून भरायच्या बंदुका आल्या आणि नियम उलटला. आता गोळी नळीतल्या चरांच्या व्यासापेक्षा एक-दोन थाऊ मोठी हवी, म्हणजे ती चरांत घट्ट बसते आणि मागचा वायू बाजूने निसटत नाही. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्याकडच्या टूलरूममध्येही हाच शब्द चालतो.) साच्यातून निघणारी प्रत्येक गोळी मात्र धातूच्या मिश्रणाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे किंचित कमी-जास्त भरते. ती मुद्दाम थोडी मोठी ओतायची आणि डायमधून काढून एका मापाला आणायची, ही पद्धत त्यातून रुजली.

'.३८' च्या काडतुसातली गोळी .३५७ किंवा .३५८ इंचाची का असते? नाव चुकले आहे का?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. नाव दिले तेव्हा ते बरोबर होते.

१८७० च्या दशकातल्या बऱ्याच रिव्हॉल्व्हर काडतुसांत गोळीचा बाहेर दिसणारा भाग आणि पुंगळी (काडतुसाची पितळी नळी) यांचा व्यास जवळजवळ सारखा असे. गोळीची फक्त टाच, म्हणजे मागचा भाग, बारीक करून ती पुंगळीत बसवत. वंगणाचे चर त्यामुळे पुंगळीच्या बाहेर, उघड्यावर राहत. .३८ च्या पुंगळीचा बाहेरचा व्यास सुमारे .३७९ इंच, आणि गोळीही जवळपास तेवढीच. लोकांना जे दिसत होते त्याचेच माप नावात आले.

अडचण वंगणाची झाली. उघड्या वंगणाला धूळ आणि रेती चिकटे, खिशातले धागे चिकटत, उन्हात ते पाघळे. तीच रेती गोळीबरोबर नळीत जाई. उपाय असा निघाला की वंगणाचे चर पुंगळीच्या आत न्यायचे. पण अख्खी गोळी पुंगळीत बसवायची तर तिचा व्यास पुंगळीच्या आतल्या व्यासाएवढाच ठेवावा लागतो. दोन्ही बाजूंच्या पितळी पत्र्याची जाडी वजा झाली आणि गोळी .३५७-.३५८ इंचांवर आली. पुंगळी बाहेरून जशी होती तशीच राहिली, आणि तिच्यावरचे नावही.

.३८ लाँग कोल्ट या काडतुसाने हे स्थित्यंतर स्वतः अनुभवले. आधी त्याची गोळी टाचेची होती, नंतर आतून वंगण असलेली. १८९९ च्या सुमारास आलेल्या .३८ स्पेशलने जुने नाव आणि नवे माप दोन्ही वारशाने घेतले. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आले. त्याची गोळी .३८ स्पेशलच्याच व्यासाची, पण या वेळी नावात गोळीचे खरे माप आले.

टाचेची गोळी आजही हयात आहे. शाळा-कॉलेजात एनसीसीत असताना ज्यांनी .२२ रायफल चालवली आहे त्यांनी ती हाताळलेली आहे. .२२ लाँग रायफल हे १८८७ चे काडतूस. त्याची गोळी पुंगळीच्या बाहेरच्या व्यासाशी जुळते आणि बोटांना किंचित तेलकट लागते. तो तेलकटपणा म्हणजेच बाहेरचे वंगण.

.४४ चेही असेच आहे का?

हो, आणि तिथे बदल कोणी घडवून आणला हेही ठाऊक आहे. १८७१ मध्ये रशियन सरकारने स्मिथ अँड वेसनकडे रिव्हॉल्व्हर मागवली. त्या कंपनीच्या .४४ अमेरिकन काडतुसाची गोळी टाचेची, बाहेरून वंगण लावलेली होती. रशियनांना वंगण आत हवे होते. त्यातून .४४ रशियन जन्मले आणि गोळी .४२९ इंचांवर आली. पुढे १९०७ चे .४४ स्पेशल आणि १९५५ चे .४४ मॅग्नम यांनी तेच माप पुढे चालवले. नावातला ४४ आजही तसाच आहे. साच्यांवर मात्र ४२९ असते, कारण साचा करणाऱ्याला नावाशी देणेघेणे नसते, मापाशी असते.

थ्री नॉट थ्रीच्या गोळीचा साचा '३११' ने का सुरू होतो?

इथे कारण वेगळे आहे. टाचेचा आणि वंगणाचा इथे संबंध नाही.

चर पाडलेल्या नळीला दोन व्यास असतात. एक चरांमधल्या उंचवट्यांवरून मोजलेला, दुसरा चरांच्या तळातून. ब्रिटिशांनी १८८८ मध्ये स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीचा पहिला व्यास .३०३ इंच होता आणि तोच नावात आला. गोळी मात्र चरांच्या तळापर्यंत भरली पाहिजे, म्हणून ती .३११ किंवा त्याहून किंचित मोठी. आपल्याकडे पोलिसांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या दिसलेल्या थ्री नॉट थ्रीचे हेच गणित. अमेरिकेत .३०-०६ चेही असेच आहे: नावातला ३० उंचवट्यांचा, गोळी .३०८ इंचाची, आणि ०६ हे १९०६ साल. .३०८ विंचेस्टरच्या नावात मात्र चरांच्या तळाचे माप आहे.

काडतुसांची नावे एका नियमात बसवायचा प्रयत्न करू नका. एकात नळीचे माप, दुसऱ्यात पुंगळीचे, तिसऱ्यात साल, चौथ्यात बंदुकीच्या दारूचे वजन. .४५-७० मधले ७० म्हणजे काळ्या दारूचे ७० ग्रेन. (७००० ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅमचा.) अवजारे बनवणाऱ्यांना या गोंधळात धंदा करायचा होता, म्हणून त्यांनी स्वतःची क्रमांकपद्धत उभी केली.

ती पद्धत कोणी सुरू केली?

आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने. जॉन बार्लो यांनी ती १८८४ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला सुरू केली. गाव योग्यच निवडले होते, कारण बंदुका बनवणाऱ्या विंचेस्टरचा कारखाना तिथेच होता. घरच्या घरी काडतुसे भरणाऱ्यांसाठी सांडशीसारखी दुमडती अवजारे, साचे, वंगणयंत्रे आणि त्यांची माहितीपुस्तिका हा आयडियलचा धंदा. दुमडत्या अवजाराला लोक 'नटक्रॅकर' म्हणत, आणि ते नाव आजही चालते.

१९१० मध्ये आयडियल मार्लिन कंपनीकडे गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती पुन्हा विकली गेली, आणि १९२५ मध्ये लायमन गन साइट कंपनीने ती विकत घेतली. लायमन मूळची नेमाची साधने बनवणारी, १८७८ मध्ये कनेक्टिकटच्याच मिडलफील्ड गावात सुरू झालेली. लायमनने आयडियलचे साचे घेतले आणि क्रमांकही जसेच्या तसे ठेवले. हा फार शहाणपणाचा निर्णय होता असे मला वाटते. मालक बदलला की यादी नव्याने लावायचा मोह अनेकांना होतो. लायमनने तो टाळला, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा साचा आजच्या यादीत शोधता येतो.

४२९४२१ हा क्रमांक कसा वाचायचा?

मधोमध तोडून. पहिले तीन आकडे गोळीचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागांत: ४२९ म्हणजे .४२९ इंच. उरलेले तीन आकडे त्या आकाराचा अनुक्रमांक: ४२१.

हा अनुक्रमांक मुळात कटरचा असे. साच्यात पोकळी कोरायला गोळीच्याच आकाराचे दातेरी कटर लागते, त्याला त्या धंद्यात 'चेरी' म्हणतात. नवी गोळी यादीत आली की नवी चेरी घडवायची आणि तिला पुढचा क्रमांक द्यायचा. म्हणजे ४२१ या आकड्यात गोळीचे वजन नाही, आकार नाही, कोणत्या काडतुसाची तेही नाही. तो केवळ रांगेतला क्रमांक आहे. नवखे लोक इथे हमखास फसतात. ३५८३११ मधल्या ३११ ला ते .३११ इंच समजतात. तिथे व्यास ३५८ आहे आणि ३११ हा अनुक्रमांक. उलट ३११२९१ मध्ये ३११ हा व्यास आहे.

जुन्या साच्यावर चारच किंवा पाचच आकडे आहेत. तो नकली आहे का?

नाही. सुरुवातीचे अनुक्रमांक लहान होते आणि त्यांच्यापुढे शून्ये लिहायची रीत नव्हती. ३११८ म्हणजे व्यास ३११ आणि आकार क्रमांक ८. ३११४१ म्हणजे ३११ आणि ४१. पुढे लायमनने सगळे क्रमांक सहा आकडी केले, तेव्हा हेच साचे ३११००८ आणि ३११०४१ झाले. दोन्ही लेखनांचा अर्थ एकच. नोंद करताना जे ठोकलेले आहे तेच लिहावे आणि सहा आकडी रूप शेजारी द्यावे.

अनुक्रमांकावरून साच्याचे वय कळते का?

साच्याचे नाही, आकाराचे थोडेफार कळते. लहान क्रमांक साधारणपणे आधीचा. आयडाहोचे एल्मर कीथ (१८९९-१९८४) यांनी आखलेल्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर गोळ्या पाहा: .४४ साठी ४२९४२१, .४५ कोल्टसाठी ४५४४२४, .३८ साठी ३५८४२९. व्यास तीन वेगळे, पण ४२१, ४२४ आणि ४२९ हे अनुक्रमांक किती जवळ आहेत! एका माणसाने थोड्या काळात केलेले काम यादीत एकापाठोपाठ नोंदले गेल्याची ही खूण. व्यासाच्या आकड्यांमागे ही जवळीक झाकली जाते, म्हणून मी नेहमी शेवटचे तीन आकडे आधी वाचायला सांगतो.

मॅसॅच्युसेट्सचे गाय लव्हरिन यांच्या गोळ्याही अशाच ओळखू येतात. त्यांच्या रायफलच्या गोळ्यांना वंगणाचे अनेक अरुंद चर असतात, आणि २५७४६३, ३११४६६, ३११४६७ असे शेजारचे क्रमांक मिळालेले दिसतात.

ठोकलेला साचा मात्र त्या आकाराच्या पहिल्या वर्षातला असेल की पन्नास वर्षांनंतरचा, हे क्रमांक सांगत नाही. त्यासाठी साच्यावर कंपनीचे नाव कोणते आहे ते पाहावे: नुसते आयडियल, की लायमन.

क्रमांकामागे एचपी, एचबी, जीसी अशी अक्षरे असतात, ती कशाची?

एचपी म्हणजे टोकाला पोकळी असलेली गोळी. एचबी म्हणजे बुडाला पोकळी. जीसी म्हणजे गॅस चेक: गोळीच्या बुडाला बसवायची तांब्याची चपटी वाटी, जी तप्त वायूपासून शिशाचे बूड वाचवते. धूररहित दारू आल्यावर वेग आणि उष्णता वाढली, मऊ गोळ्या टिकेनात, तेव्हा बार्लो यांच्या आयडियलने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही वाटी बाजारात आणली.

अक्षरांची शिस्त मात्र सगळीकडे पाळलेली नाही. ३५८४२९ च्या पोकळ टोकाच्या भावंडाला एचपी न लावता ३५८४३९ असा वेगळाच क्रमांक दिला होता.

वंगणयंत्राच्या भागांवरची 'जी', 'एच', 'आय' ही अक्षरे कशाची संक्षेपे आहेत?

कशाचीही नाहीत. वंगणयंत्राच्या सुट्या भागांना क्रमाने अक्षरे होती, त्यांतली ही तीन. जी म्हणजे गोळीच्या टोकावर बसणारा वरचा पंच, एच म्हणजे मापाची डाय, आय म्हणजे खालून गोळी बाहेर काढणारा पंच. यंत्राचे बाकीचे भाग क्वचितच बदलावे लागत. हे तीन मात्र प्रत्येक नव्या गोळीसाठी वेगळे लागत, म्हणून दुकानात सतत त्यांचीच नावे घेतली गेली आणि तेवढीच अक्षरे जिवंत राहिली. डाय आणि खालचा पंच जोडीनेच विकत, त्यामुळे 'एच अँड आय डाय' हा शब्दप्रयोग पक्का झाला. 'जी' चा अर्थ गाइड आणि 'एच' चा अर्थ होल्डर असली स्पष्टीकरणे कोणी दिली तर ती मागाहून बसवलेली समजा.

वरच्या पंचावरचा ४२१ किंवा ३७४ हा व्यास आहे का?

तो साच्याच्या क्रमांकाचा मागचा अर्धा भाग आहे. वरचा पंच गोळीच्या टोकाशी तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर दाबताना टोक चेपते किंवा गोळी तिरकी जाते. टोकाचा आकार अनुक्रमांकातच ठरलेला असल्यामुळे पंचालाही तोच दिला: ४२९४२१ साठी पंच ४२१, ४५२३७४ साठी ३७४. डायवर याच्या उलट, निव्वळ व्यास: .३५७, .३५८, .४३०, .४५२. म्हणजे साच्याच्या सहा आकड्यांतला मागचा भाग पंचाकडे गेला, आणि पुढच्या भागाशी निगडित माप डायकडे. मला या सगळ्या पद्धतीतला हा सर्वांत देखणा भाग वाटतो. एकदा ध्यानात आला की बहुधा यादी उघडावी लागत नाही.

एक इशारा. इतर कंपन्यांच्या पंचांचे क्रमांक स्वतंत्र आहेत. आरसीबीएस या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या डाय लायमनच्या यंत्रात बसतात म्हणून पंचाचे क्रमांकही जुळतील असे गृहीत धरू नये.

लायमनच्या यंत्रांची ४५, ४५० आणि ४५०० ही नावे .४५ काडतुसावरून आहेत का?

ही यंत्रे कोणत्याही व्यासाच्या गोळीला चालतात. .४५ शी त्यांचा संबंध नाही. आयडियलच्या काळात 'नंबर १' असे वंगणयंत्र होते. लायमनच्या काळात ४५ आले, त्याची सुधारित आवृत्ती ४५०, आणि त्यानंतर ४५००, ज्यात घट्ट वंगण पातळ करायला गरम कांडी बसवायची सोय आहे. प्रत्येक पिढीला एक शून्य वाढले. जुन्या ग्राहकाला नवे यंत्र ओळखीचे वाटावे, हा उघड हेतू.

आणि नटक्रॅकरचे '३१०' हे नाव?

आयडियलकडे कडा असलेल्या पुंगळ्यांसाठी नंबर ३ आणि कडा नसलेल्यांसाठी नंबर १० असे दुमडते अवजार होते. दोन्हींची कामे एकाच अवजारात आली आणि ३ व १० शेजारी ठेवून ३१० झाले, असा उलगडा जाणकार करतात, आणि तो मला पटतो. .३१० इंचाशी त्याचे नाते जोडू नये.

'लुब्रिसायझर' हे एका कंपनीचे नाव आहे का?

वंगण लावणारा 'लुब्रिकेटर' आणि मापाला आणणारा 'सायझर' यांचा तो जोडशब्द. आयडियल आणि लायमन यांनी लांबलचक 'लुब्रिकेटर अँड सायझर' हेच नाव वापरले. जोडशब्द सेको कंपनीने आपल्या यंत्राला लावला, आणि बोलीत तो सगळ्यांच्या यंत्रांचा झाला.

सेको हे नाव स्वतः आद्याक्षरांचे आहे: कॅलिफोर्नियातली सांता अनिता इंजिनिअरिंग कंपनी. पुढे हा धंदा न्यूयॉर्क राज्यातल्या रेडिंग कंपनीकडे गेला, तरी साच्यांवर सेको हेच नाव राहिले.

आरसीबीएसची कथा याहून मजेदार. १९४३ मध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी कॅलिफोर्नियाच्या ओरोव्हिल गावात .२२ च्या रिकाम्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणे दाबून काढायच्या डाय बनवल्या. त्या गोळ्या रॉकचक नावाच्या डोंगरी मार्मोटच्या शिकारीसाठी होत्या, आणि गोळी दाबून घडवण्याला स्वेज म्हणतात. रॉक चक बुलेट स्वेज, म्हणून आरसीबीएस. म्हणजे आज ओतीव गोळ्यांची अवजारे विकणाऱ्या या कंपनीचे नाव दाबून घडवलेल्या गोळीवरून पडले आहे. तिचे वंगणयंत्र 'ल्यूब-ए-मॅटिक'. ते हातानेच चालते. युद्धोत्तर अमेरिकेत वॉशिंग मशीनपासून पेनपर्यंत सगळ्यांना 'मॅटिक' लावायची पद्धत होती, तिची ही आठवण.

सॅन डिएगोच्या स्टार मशीन वर्क्सचे यंत्र नुसत्या 'स्टार' नावाने ओळखले जाते. त्यात गोळी टोकाकडून आत जाऊन थेट खाली पडते, त्यामुळे काम झपाट्याने होते. आता ते अॅरिझोनाची मॅग्मा इंजिनिअरिंग बनवते.

लायमनच्या 'केक कटर'चा उल्लेख केलाच पाहिजे. थाळीत गोळ्या उभ्या करून भोवती वितळलेले वंगण ओतायचे, ते गोठले की एकेक गोळी नळीने कापून काढायची, अशी जुनी रीत होती. त्या नळीचे हे नाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही शब्द मुद्दाम 'के' ने लिहिलेले, जाहिरातीच्या हौसेने.

इतर कंपन्यांनी आयडियलचीच पद्धत का नाही उचलली?

कारण अनुक्रमांक ही त्या कंपनीची वही आहे. वही हाताशी नसेल तर क्रमांक मुका. आरसीबीएसने व्यास, वजन आणि आकार सरळ लिहिले: ३८-१५८-एसडब्ल्यूसी म्हणजे .३८ ची, १५८ ग्रेनची, कडेला धार असलेली सेमी-वॉडकटर गोळी. विस्कॉन्सिनच्या ली प्रिसिजनने त्यात आणखी सोय केली. सुरुवातीला 'सी' असेल तर बुडाला गॅस चेक. 'टीएल' असेल तर बारीक चरांची गोळी, जी द्रव वंगणात नुसती घोळवायची, लुब्रिसायझर लागतच नाही.

नवशिक्यासाठी दुसरी पद्धत निःसंशय चांगली. पण तिची मर्यादा अशी की एकाच व्यासाच्या, वजनाच्या आणि आकाराच्या दोन वेगवेगळ्या आराखड्यांना ती वेगळे करू शकत नाही. ४२९४२१ म्हटले की कीथ यांचा एकच विशिष्ट आराखडा डोळ्यांपुढे येतो. म्हणूनच दुसऱ्या कंपनीच्या साच्याचे वर्णन करतानाही लोक आजपर्यंत 'चारशे एकवीससारखा' असे सांगतात.

साच्यावर ३५८ आहे, गोळी .३५९ किंवा .३५७ निघते. साचा खराब?

बहुधा नाही. यादीतला व्यास आणि वजन ठरावीक मिश्रधातू गृहीत धरून दिलेले असतात. लायमनच्या यादीत अनेकदा 'नंबर २' मिश्रधातू असतो: ९० टक्के शिसे, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी. शुद्ध शिसे थिजताना जास्त आकसते, अँटिमनीने आकसणे कमी होते. त्यामुळे तोच साचा वेगळ्या धातूत वेगळे माप आणि वेगळे वजन देतो.

वंगणांच्या नावांमागे काही पद्धत आहे का?

फारशी नाही. विसाव्या शतकातले सर्वांत गाजलेले मिश्रण अर्धे अॅलॉक्स आणि अर्धे मधमाशांचे मेण. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या ई. एच. हॅरिसन यांनी ते रूढ केले, म्हणून त्याला 'एनआरए सूत्र' म्हणतात. अॅलॉक्स हे गंजरोधक औद्योगिक वंगणाचे व्यापारी नाव.

१८५७ च्या काडतुसांशी या सगळ्याचा संबंध आहे का?

अवजारांशी नाही. वंगणाशी फार जवळचा आहे.

१८५३ ची एनफील्ड बंदूक .५७७ इंच बोअरची आणि तोंडाकडून भरायची. गोळी कागदी काडतुसात येई आणि गोळीकडचा कागद वंगणात बुडवलेला असे. काडतुसाचे टोक दातांनी फाडून दारू ओतायची आणि मग कागदासकट गोळी आत ढकलायची. गोळी मुद्दाम लहान ठेवलेली, .५६८ इंच, आणि उरलेली जागा कागद आणि वंगण भरून काढत. म्हणजे या बंदुकीत वंगण हा मापाचाच एक भाग होता. ते टाळून बंदूक नीट चालली नसती.

त्या वंगणात चरबी होती, आणि कोणत्या प्राण्याची हे नक्की केलेले नव्हते. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या दमदम इथून गाय आणि डुकराच्या चरबीची वार्ता पसरली. जानेवारीअखेर सरकारने शिपायांना स्वतःचे वंगण लावायची मुभा दिली, पण विश्वास उडाला होता. २४ एप्रिलला मेरठच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घ्यायला नकार दिला, आणि १० मे रोजी उठाव झाला. हिंदुस्थानच्या उन्हात चरबी वितळून काडतुसे कोरडी पडत आणि गोळी नळीत अडे, ही तांत्रिक तक्रारही होती. पुढे गोळीचा व्यास .५५० इंचांवर आणला गेला आणि वंगणात मधमाशांच्या मेणाला प्राधान्य मिळाले. १८६९ मध्ये आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला, तोवर मागून भरायच्या बंदुकांचा काळ आलेला होता.

'दमदम गोळी' हे नावही त्याच दमदमचे, पण चार दशकांनंतरचे. १८९० च्या दशकात तिथल्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी थ्री नॉट थ्रीसाठी टोकाला शिसे उघडे ठेवलेली, लागल्यावर पसरणारी गोळी केली. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांच्या युद्धातील वापरावर बंदी आली.

भारतात ही अवजारे वापरून गोळ्या बनवता येतील का?

परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. अमेरिकेत हा घरगुती छंद आहे, इथे नाही. जुना साचा वारशात मिळाला असेल तर त्याबाबत आधी जिल्हा परवाना शाखेत लेखी विचारणा करावी.

संग्रहातल्या साच्याची नोंद कशी करावी?

दोन्ही ठोकळ्यांवर ठोकलेले सगळे आकडे आणि अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्या, शून्ये न वाढवता. दोन्ही ठोकळ्यांचे जुळणी क्रमांक सारखे आहेत का ते पाहा. ते बहुधा एक-दोन-तीन आकडी असतात आणि त्यांचा गोळीच्या आकाराशी संबंध नसतो. कंपनीचे नाव ज्या रूपात आहे त्याच रूपात लिहा, कारण आयडियल, मार्लिन आणि लायमन हे तीन वेगळे काळ आहेत. मग क्रमांक तोडून व्यास आणि अनुक्रमांक वेगळ्या रकान्यांत भरा. पोकळी व्हर्नियरने मोजली तर ते माप मोजलेले आहे असे स्पष्ट लिहून तिसऱ्या रकान्यात ठेवा. ठोकलेला व्यास आणि मोजलेला व्यास एकाच रकान्यात कधीही मिसळू नका.